आलेच हं, आजी

ही गोष्ट खरी आहे. पटली तर बघा, नाही पटली तर सोडून द्या. दिवसभर म्हाताऱ्या माणसांना उचलून, पुसून, भरवून माझी कंबर मोडलेली असते. घरी येऊन खोट्या गोष्टी रचायचं त्राण माझ्यात उरलेलं नाही.

शहराचं नाव सांगत नाही. जपानातलं एक मोठं बंदर, एवढं पुरे. धक्क्याला लागून तिथे भलंमोठं मत्स्यालय आहे.

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. बुधवार. आणि यात काळोखी रात्र शोधू नका. दुपारचे तीन वाजले होते. बाहेर लख्ख ऊन होतं.

घडलं ते मित्सुएच्या बाबतीत. मित्सुए हारागुची, वय छप्पन्न. आम्ही दोघी एकाच वृद्धाश्रमात काम करतो, एकाच मजल्यावर. ती खोटं बोलणारी बाई नाही. म्हणजे, कामावर आम्ही सगळ्याच जेवढं खोटं बोलतो, तेवढंच ती बोलते.

ते कसलं, तेही सांगते.

तोमे आजी म्हणून एक होती आमच्याकडे. एकोणनव्वद वर्षांची. कमरेपासून खाली लुळी, चाकांच्या खुर्चीतच असायची. जवळचं कुणी नाही. एक पुतण्या होता, तो फोनसुद्धा उचलायचा नाही. सहा वर्षं तिचं सगळं मित्सुएनेच केलं.

आजीचा आवाज फार बारीक झाला होता, म्हणून ती हाक मारायची नाही. खुर्चीच्या हातावर नखाने वाजवायची.

टक... टक.

दोनदाच. मग थांबायची.

आणि मित्सुए लांबूनच ओरडायची, "आलेच हं, आजी! दोन मिनिटं!"

आम्ही सगळ्याच तसं ओरडतो. एका मजल्यावर अठरा म्हातारी माणसं आणि आम्ही दोघी. दोन मिनिटं म्हणजे वीस मिनिटं, हे त्यांनाही ठाऊक असतं. काय करणार? वेळ मारून न्यायची.

आजीचा एकच हट्ट होता.

"अगं मित्सुए, चाळीस वर्षं या बंदरात मासे चिरले मी. मेलेल्या माशाशिवाय मासा बघितला नाही. एकदा पोहताना तरी दाखव की."

"नेते ना. पुढच्या सुट्टीला नक्की."

"तुझी पुढची सुट्टी ना? तेव्हा माझा एकोणपन्नासावा दिवस असेल बघ!" असं म्हणून आजी आपल्याच बोलण्यावर हसायची. माणूस गेलं की एकोणपन्नास दिवस इथेच घुटमळतं आणि मग पुढे जातं, त्यावरून ती टोमणा मारायची.

सुट्टी यायची. मित्सुए दिवसभर झोपायची. दुसऱ्या दिवशी म्हणायची, "पुढच्या सुट्टीला."

सहा वर्षं.

आजी गेली तीही अशीच. रविवारी संध्याकाळी जेवणाच्या वेळी तिने वाजवलं. टक... टक. मित्सुए दुसऱ्या एका म्हाताऱ्याला भरवत होती. "आलेच हं, आजी!" म्हणाली. गेली ती वीस मिनिटांनी.

तोवर आजी गेलेली होती. नखं अजून खुर्चीच्या हातावरच होती.

बुधवारी अंत्यविधी झाला. स्मशान बंदराच्याच बाजूला आहे. पुतण्या आला होता, आमचे व्यवस्थापक होते आणि मित्सुए. बाकी कुणी नाही. शवपेटीत मित्सुएने आजीची शाल ठेवली. गुडघ्यांवर घ्यायची, विटकरी लोकरीची, मित्सुएनेच विणलेली. कोपऱ्यात एक पांढरी चिंधी शिवलेली होती. मागे एकदा दवाखान्यात ती शाल हरवली होती, म्हणून चिंधीवर नाव आणि मोबाईल नंबर लिहिलेला. नाव आजीचं नाही, मित्सुएचं. आजीचं नाव लिहून फोन करायचा कुणाला?

शाल आजीबरोबर जळली. मित्सुएच्या डोळ्यांसमोर पेटी आत गेली, आणि दीड तासाने राख बाहेर आली. अस्थी दोघादोघांनी मिळून चॉपस्टिकनी उचलायच्या असतात; त्याला माणसं कमी पडली, तेव्हा पुतण्याबरोबर तिलाच उभं राहावं लागलं.

बाहेर आल्यावर तिने छोटं पाकीट उघडलं. अंत्यविधीहून निघताना हातात देतात ते. त्यात मिठाची पुडी असते, घरात शिरायच्या आधी अंगावर टाकायला.

पुडी नव्हती.

हल्ली बऱ्याच ठिकाणी देत नाहीत. जुनाट समजूत म्हणतात. म्हणोत बापडे.

तिने मुलीला फोन लावला. चिनात्सु बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा संपत आला होता. आणि त्याआधीचं एक पोटातच गेलं होतं. म्हणून दोघी मायलेकी किती जपत होत्या, ते मी बघत होते.

"आई, मीठ मिळालं ना?"

"नाही गं दिलं."

"मग सरळ घरी येऊ नकोस हं! आपली आजी सांगायची ना, स्मशानातून निघालं की आधी दुसरीकडे कुठेतरी गर्दीत शिरायचं. म्हणजे मागून येणारा चुकतो."

"पाय तुटलेत माझे, चिनात्सु."

"मग बसायला मिळेल अशा ठिकाणी जा. पण जा, आई. मला भीती वाटते."

मित्सुए सहा दिवस सलग कामावर होती. तिला फक्त एक बाक हवा होता, आणि ऊब. स्टेशनसमोरचं कॉफीचं दुकान भरलेलं होतं. तिने मान वळवली, तर समोर मत्स्यालय. आत अंधार असतो, गर्दी असते, बाक असतात. ती चालू लागली.

आजीला काय वचन दिलं होतं, ते त्या क्षणी तिच्या डोक्यातही नव्हतं. शपथ घेऊन सांगते ती. डोकंच चालत नव्हतं.

तिकीटखिडकीतली मुलगी तिच्याकडे बघून हसली. मग जरा खाली, तिच्या पुढ्यात बघून हसली.

"एक मोठं आणि एक ज्येष्ठ ना?"

मित्सुएच्या कानात ‘ज्येष्ठ’ एवढंच शिरलं. तिला वाटलं, मेली ही मलाच म्हातारी समजली. हुज्जत घालायची ताकद नव्हती. तिने मान हलवली आणि नोट सरकवली.

फाटकावरच्या माणसाने नेहमीची वाट सोडून बाजूचं रुंद दार उघडलं.

"इकडून या. लिफ्ट उजव्या हाताला आहे. सावकाश."

आपण लंगडतोय म्हणून उघडलं असेल, असं तिला वाटलं. काळे कपडे बघून माणसं जरा जास्तच अदबीने वागतात.

लिफ्टने सगळ्यात वरच्या मजल्यावर नेलं. तिथून उतरणीची वाट आहे. मधोमध ती प्रचंड टाकी आणि तिच्याभोवती गोल गोल फिरत खाली यायचं. निळा उजेड. माणसांचे नुसते आकार दिसत होते.

पहिल्याच वळणावर बाक होता. मित्सुए बसली. डोळे मिटले.

आणि...

टक... टक.

तिने डोळे उघडले. समोर काच होती. काचेपलीकडे एक कासव वल्ह्यासारखे पाय हलवत वर चाललं होतं.

कुणीतरी पोराने काच वाजवली असेल. तिने पुन्हा डोळे मिटले.

टक... टक.

तिच्या तोंडून निघून गेलं.

"आलेच हं..."

तिचं तिलाच कसंतरी झालं. सवय, दुसरं काय. ती उठली आणि चालू लागली. इथे बसायला नको, गर्दीत राहायचं.

खालच्या वळणावर एक जोडपं काचेला नाक लावून उभं होतं. पुरुष वळला आणि बायकोला त्याने बाजूला ओढलं.

"अगं, सरक ना. आजींना दिसत नाहीये."

"अय्या, माफ करा हं!" ती बाई मित्सुएच्या पुढ्यातल्या रिकाम्या जागेला वाकून म्हणाली.

मित्सुएने खाली बघितलं.

पुढ्यात काही नव्हतं.

पण तिचे हात...

दोन्ही हात कमरेच्या उंचीवर पुढे आलेले होते. मुठी वळलेल्या. खुर्चीच्या मागच्या मुठी धरतात तशा.

तिने झटकन हात खाली केले, खिशात घातले. चालत राहिली. हे सगळं थकव्यामुळे होतंय, झोप नाही म्हणून होतंय, असं ती स्वतःला सांगत होती.

आता कुठे तिला आठवलं. *एकदा पोहताना तरी दाखव की.*

मागून येणाऱ्याने चुकावं म्हणून माणूस वाकडी वाट करतो. आणि ही बाई आली कुठे? तर आजीला सहा वर्षं जिथे यायचं होतं, नेमकी तिथे. वर तिकीटही काढलं. दोन.

तिने पर्स उघडून बघितलं. खरंच दोन होती.

आपल्या मागून कुणी आलं नव्हतं. आपणच घेऊन आलो होतो.

ती घाबरून भराभर उतरायला लागली. लोक तिच्याकडे बघायला लागले. एका बाईने तर मुलाला जवळ ओढलं. लोक असे का बघताहेत, तेच तिला कळेना. मग काचेत तिला स्वतःचं प्रतिबिंब दिसलं.

ती उलटी चालत होती.

उताराकडे पाठ. पाऊल मागे टाकत, मान वळवून मागचं बघत, एक एक पाऊल सांभाळून.

उतारावर खुर्ची नेहमी उलटी उतरवायची असते. सरळ नेली तर माणूस पुढे पडतो. आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात. नवीन मुलगी चुकली की मित्सुए तिच्यावर केवढी ओरडते.

आणि हात पुन्हा पुढे आले होते. मनगटांना ओझं कळत होतं. अठ्ठावीस किलोची आजी आणि वर खुर्ची. शेवटी शेवटी आजी अठ्ठावीस किलोच भरायची. ते वजन मित्सुएचे हात विसरणार नाहीत.

तिने सोडायचा प्रयत्न केला का? विचारलं मी. म्हणाली, "उतारावर कशी सोडणार? पडली असती ना."

अशी आमची मित्सुए.

तळाशी मोठी टाकी पूर्ण दिसते. एका मजल्याएवढी काच. समोर सपाट जागा, बाक, बरीच माणसं. मित्सुए पोचली आणि थांबली.

तो सगळ्यात मोठा मासा आला. ठिपक्यांचा शार्क. बसएवढा म्हणा ना. सावकाश, कुणाशी काही देणंघेणं नसल्यासारखा काचेसमोरून गेला.

काचेत मित्सुए दिसत होती. काळे कपडे, पांढरंफटक तोंड. आणि तिच्या पुढ्यात, गुडघ्यांच्या उंचीवर...

एक विटकरी ठिपका.

तिने खाली बघितलं. काही नाही.

काचेत बघितलं. होता.

ती म्हणते, त्या वेळी भीती नव्हती वाटत. वाईट वाटत होतं. आजीची मान शार्कबरोबर हळूहळू डावीकडून उजवीकडे वळतेय, असं तिला काचेत दिसत होतं. ती तशीच उभी राहिली. किती वेळ, माहीत नाही. पहिल्यांदाच आजीसाठी तिने घड्याळ बघितलं नव्हतं.

मग बंद व्हायची सूचना देणारं संगीत सुरू झालं. पावणेपाच. माणसं दाराकडे निघाली.

आणि मित्सुएला चिनात्सु आठवली. घरी दारात मीठ घेऊन उभी असेल. पोटावर हात ठेवून.

ही घरी येता कामा नये. काहीही झालं तरी येता कामा नये.

मग तिने ते केलं. जे आम्ही दिवसातून पन्नास वेळा करतो, विचारसुद्धा न करता.

उजवा पाय पुढे केला आणि हवेत खाली दाबला.

खट्.

ब्रेक लागला. तिने आवाज ऐकला. स्वच्छ ऐकला.

मग ती वाकली आणि जिथे कान असेल तिथे बोलली, "आलेच हं, आजी. दोन मिनिटं."

आणि निघाली.

मागे न बघता. सरळ चालत. हात खिशात.

पाठीमागून...

टक... टक.

ती थांबली नाही.

टक... टक.

बाहेर पडायच्या वाटेवरच्या भेटवस्तूंच्या दुकानापाशी पोचली, तेवढ्यात वरच्या भोंग्यातून बाईचा गोड आवाज आला.

"हारागुची मित्सुए-सान. हारागुची मित्सुए-सान. आपल्यासोबत आलेल्या आजी मोठ्या टाकीपाशी आपली वाट बघत आहेत. कृपया लवकर यावे."

हारागुची मित्सुए-सान. दोनदा. सगळ्यांसमोर.

तिने नाव कुणालाही सांगितलं नव्हतं.

ती जवळजवळ धावतच बाहेरच्या दाराशी आली. तिथे तो मघाचा फाटकावरचा माणूस उभा होता. धापा टाकत होता. त्याच्या हातात...

विटकरी शाल.

"बाई, ही तुमचीच ना? टाकीपाशी पडली होती. चिंधीवर नाव आहे, म्हणून पुकारलं."

लोकर थोडी विसविशीत झालेला कोपरा. काळ्या शाईचं तिचं स्वतःचं अक्षर. दुपारी बारा वाजता जळलेली शाल.

"नाही," मित्सुए म्हणाली. "माझी नाही."

"पण आजी तिकडे—"

"माझ्यासोबत कुणी नाही. मी एकटीच आले होते."

ती बाहेर पडली.

गाडीत बसल्यावर ती सारखी आपले हात बघत होती. मांडीवर होते. हलके होते. घरी चिनात्सुने दाराबाहेरच उभं करून खांद्यांवर, पाठीवर मूठभर मीठ टाकलं आणि विचारलं, "एकटीच आलीस ना?"

"एकटीच," मित्सुए म्हणाली. आणि रडली.

आता वाटेल, संपलं.

दुसऱ्या दिवशी कामावर तिने मला हे सगळं सांगितलं. मी म्हटलं, जाऊ दे गं, एकोणपन्नास दिवस झाले की आजी आपोआप पुढे जाईल. उगाच जिवाला लावून घेऊ नकोस. ती म्हणाली, "नाही. मी जाईन. एकदा जाऊन नीट निरोप देईन. पुढच्या सुट्टीला."

हे शब्द मी सहा वर्षं ऐकत आले होते.

सुट्ट्या आल्या. एक चिनात्सुच्या तपासणीत गेली. एक मी आजारी पडले म्हणून माझ्या जागी गेली. एक अशीच. पूर्ण मोकळी पहिली सुट्टी आली ती मार्चच्या शेवटच्या शनिवारी. मी बोटांवर मोजून बघितलं.

एकोणपन्नासावा दिवस.

सकाळी सात वाजता मित्सुए उठली. फुलं आणून ठेवली होती. कपडे केले, कोट घातला. निघायच्या आधी पाच मिनिटं पाठ टेकावी म्हणून तशीच आडवी झाली.

जाग आली तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. संध्याकाळचे.

चिनात्सुने उठवलं नव्हतं. "आई, इतकी गाढ झोपली होतीस, जिवावर आलं गं," म्हणाली बिचारी.

फोनवर सात रिंगा येऊन गेल्या होत्या. सगळ्या मत्स्यालयाच्या नंबरवरून. शेवटची पाच वाजता. आणि एक निरोप रेकॉर्ड झालेला होता.

तो निरोप मी स्वतः ऐकला आहे. तोच भोंग्यातला गोड आवाज.

"हारागुची-सान, आपल्याला वारंवार त्रास देत आहोत, क्षमा असावी. आपल्यासोबतच्या आजी अजून मोठ्या टाकीपाशीच आहेत. आज त्यांना पुढे जायचं आहे, असं त्या म्हणतात. पण खुर्चीचा ब्रेक लावलेला आहे. आम्ही सगळ्यांनी प्रयत्न केला... तो आमच्याने निघत नाही. त्या म्हणतात, जिने लावला तिनेच काढायला हवा. आम्ही आता बंद करत आहोत."

मग अगदी जवळून...

टक... टक.

मी मत्स्यालयात फोन करून विचारलं. असा निरोप आमच्याकडून कुणी दिलेला नाही, म्हणाले. त्या आवाजाची मुलगीही त्यांच्याकडे नाही. हरवलेल्या वस्तूंत एक विटकरी शाल मात्र आहे, न्यायची का, असं विचारत होते. मी फोन ठेवला.

एप्रिलमध्ये चिनात्सुला मुलगी झाली. सुखरूप. गुटगुटीत आहे. अजून मित्सुएकडेच आहेत दोघी.

मित्सुए हल्ली सुट्टीच्या दिवशी झोपत नाही. कोट घालून पहाटेपासून स्वयंपाकघरात बसते. पाच वाजले की कोट काढते.

मागच्या आठवड्यात तिच्या घरी गेले होते, तेव्हा मी चिडलेच. म्हटलं, "अगं, जा ना एकदाची! जा, ब्रेक काढ, मोकळी हो. तिलाही मोकळं कर."

ती आपल्या हातांकडे बघत बसली होती. आतून बाळाच्या कुरकुरण्याचा आवाज येत होता.

"ब्रेक काढेन गं," ती म्हणाली. "पण तिचा पुढे जायचा दिवस तर निघून गेला. आता काढला, तर खुर्ची ढकलत कुठे नेऊ?"